नववीला कास्थी-अस्थी शिकवायच्यात: मॉडेल घेऊ, स्लाइड घेऊ की आणखी काही?

खडूफळा
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. ऊतींच्या धड्यात रक्तापर्यंत पोरं बरी असतात. कास्थी (म्हणजे कूर्चा) आणि अस्थी (हाडं) आल्या की "कास्थी लवचिक, अस्थी कठीण" एवढं घोकतात आणि वही मिटतात. यंदा प्रयोगशाळेसाठी थोडे पैसे मंजूर झालेत, अगदी थोडे. गुडघ्याचं प्लास्टिक मॉडेल घ्यावं, तयार स्लाइड घ्याव्यात की मोठे तक्ते? सूक्ष्मदर्शक एकच आहे, पण भिंगं चांगली आहेत. अनुभवी लोकांनी सल्ला द्यावा.

सूक्ष्मदर्शी
बाई, मॉडेल आणि तक्ते दोन्ही सोडा. स्लाइड घ्या, आणि दोनच घ्या: श्वासनलिकेतली काचाभ (काचेसारखी दिसणारी) कास्थी आणि घासून पातळ केलेल्या वाळक्या हाडाचा आडवा छेद. शरीररचना विभागाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढलीत, त्यावरून सांगतो.

दाखवताना एकच प्रश्न धरून ठेवा: इथल्या पेशीला खायला कुठून मिळतं? कास्थीत रक्तवाहिनी नाही. भोवतीचं द्रव्य पाण्याने भरलेलं, त्यातून पोषण झिरपत झिरपत पेशीपर्यंत जातं. म्हणून तर कास्थी जाड होऊ शकत नाही. आपल्या गुडघ्यात हाडाच्या टोकावर तिचा थर बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटरच असतो. स्लाइडवर पेशी दोन-दोन, चार-चारच्या घोळक्यात दिसतील. एका पेशीच्या दोन झाल्या, पण भोवतालचं द्रव्य घट्ट, लांब सरकायला वाव नाही, म्हणून शेजारीच राहिल्या.

हाडात उलटं. क्षारांमुळे द्रव्य इतकं कडक की त्यातून काही झिरपत नाही. मग मधोमध रक्तवाहिनीची नळी, तिच्याभोवती एकात एक थर, थरांमधे पेशी, आणि प्रत्येक पेशीपासून निघालेल्या केसाहून बारीक वाटा शेजारणीला जोडलेल्या. असं पोषण हातोहात आतून बाहेर पोचतं. अशा एका गोल रचनेचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर. मधल्या नळीला ज्यांचं नाव आहे त्या क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज डॉक्टरांचं हाडांवरचं पुस्तक १६९१ चं.

एक सांगून ठेवतो. वाळक्या हाडाच्या स्लाइडवर काळे ठिपके दिसतात, पोरं लगेच "पेशी, पेशी" म्हणतील. त्या पेशी नव्हेत. पेशी केव्हाच गेल्या, त्यांच्या रिकाम्या खोल्यांत हवा भरली आहे म्हणून त्या काळ्या दिसतात.

नळीफोड
स्लाइड ठीक आहे हो सर, पण एका सूक्ष्मदर्शकावर अख्खा वर्ग म्हणजे तास रांगेतच जायचा. बाई, रविवारी मटणाच्या दुकानात जा. मांडीची नळी मागा आणि खाटकाला सांगा, सत्तूर नको, करवतीने उभी काप. टोकाशी निळसर पांढरा, गुळगुळीत, चकचकीत थर दिसेल ती कास्थी. बोट फिरवायला लावा, कसं सटकतं बघा. त्याच्या आत जाळीदार हाड, लालसर. मधल्या दांड्यात भरीव, जाड हाड आणि पोकळीत मगज.

बोकड कोवळा असेल तर टोकापासून थोडं आत एक आडवी रेघ दिसते. ती वाढीची कास्थी. हाड लांबीला तिथेच वाढतं. पोरांना म्हणावं, तुमच्याही हाडांत आत्ता ही रेघ आहे, उंची वाढायची थांबली की ती बुजते. नववीतल्या पोरांना यापेक्षा जास्त रस कशात असणार!

रानजाई
नळीफोड, कल्पना झकास. पण आमच्या शाळेत असं काही आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी पालक दारात. बाई, तुमच्याकडे तशी अडचण असेल तर जुने एक्स-रे गोळा करा. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे पडून असतात. नाव-गाव कापून घ्या. एक लहान मुलाच्या हाताचा, एक मोठ्या माणसाचा. खिडकीच्या काचेला चिकटवा. मुलाच्या हातात बोटांच्या हाडांचे तुकडे सुटे दिसतात, मधे काळ्या फटी. त्या फटी रिकाम्या नसतात, तिथे कास्थी असते. तिच्यात क्षार नाहीत म्हणून ती एक्स-रेवर उमटत नाही. खर्च शून्य.

आणि स्वतःचा कान मुडपून सोडायला सांगा. कानात लवचिक तंतूंची कास्थी असते, म्हणून तो पुन्हा जागेवर येतो. मणक्यांमधल्या चकत्यांची तिसरी जात, तंतुमय. ती नुसती सांगितली तरी चालेल.

देवगडकर
आमच्याकडची पोरं हे ताटातच शिकतात 🙂 मोरीच्या मटणात काटा लागतो का कधी? मोरी म्हणजे शार्क, तिचा अख्खा सांगाडा कास्थीचा. मणके जरा टणक असतात, त्यांत क्षार साठतात, पण बाकी सगळं दातांखाली करकरतं. बांगड्याचा काटा आणि मोरीचा मणका शेजारी ठेवा, फरक सांगावा लागणार नाही.

गुडघेदुखी_५८
जरा अवांतर विचारतो, बाईंनी राग मानू नये. डॉक्टर म्हणाले कास्थी झिजली. जाहिरातीतली कोलॅजन पावडर घेतली तर ती भरून येते का?

फिजिओताई
काका, कोलॅजन हे हाडा-कास्थीतलं तंतूंसारखं प्रथिन. खाल्लेलं कोलॅजन पोटात पचून सुटं होतं, ते उचलून थेट गुडघ्यात नेऊन बसवत नाही कोणी. रक्तवाहिनी नसल्यामुळे कास्थी स्वतःहून फारशी भरून येत नाही. हे विल्यम हंटर या डॉक्टरांनी १७४३ मधेच लिहून ठेवलंय. हाड मोडलं तर जुळतं, कारण तिथे रक्त आहे, जुनं हाड खाणाऱ्या आणि नवं घडवणाऱ्या पेशी आहेत. पण म्हणून गुडघा बांधून बसू नका. भार पडला की कास्थीतलं पाणी बाहेर येतं, भार सुटला की सांध्यातलं द्रव पुन्हा आत शिरतं. तिचं पोषण या येण्याजाण्यावर चालतं. डॉक्टरांना विचारून व्यायाम सुरू ठेवा. बाकी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

बाई, तुमच्यासाठी: हाड निर्जीव नाही हे ठसवायचं तर अंतराळवीरांचं उदाहरण द्या. वजनच पेलावं लागत नाही म्हणून त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने उतरते.

खडूफळा
सगळ्यांचे आभार, मला वाटलं होतं दोन-तीन प्रतिसाद येतील. आमच्याकडे मटणाला हरकत नाही, निम्मा वर्ग स्वतःच आणून देईल. दोन स्लाइड मागवते, एक्स-रेही बघते. हाड आम्लात ठेवायचा प्रयोग करावा का? प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आहे.

सूक्ष्मदर्शी
जरूर करा, पण पोरांच्या हाती व्हिनेगरच द्या. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ खरवडून बुडेल इतक्या पांढऱ्या व्हिनेगरमधे टाका, दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. बुडबुडे येतील, तो हाडातल्या कार्बोनेटचा वायू. आठवडाभरात हाड वाकायला लागतं, जाड असेल तर आणखी थांबा. क्षार गेले, उरलं ते कोलॅजन. हायड्रोक्लोरिक विरल करून तुम्ही स्वतः वापरलंत तर काम लवकर होतं, पण हातमोजे घालून.

याची जोडी अपुरी ठेवू नका. दुसरं तसंच हाड चिमट्यात धरून बर्नरवर जाळा. आधी काळं पडेल, मग राखाडी-पांढरं. जळक्या केसांसारखा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा. आकार तोच राहतो, पण निवल्यावर बोटांनी दाबलं की भुगा. इथे कोलॅजन जळालं, क्षार उरले. एक वाकतं पण पेलत नाही, दुसरं कडक पण ठिसूळ. दोन्ही हाडं एकाच वेळी फिरवा.

नळीफोड
आणि बकऱ्याची श्वासनलिका विसरू नका, खाटीक फुकट देतो. पुढून कास्थीची कडी, मागे उघडी, दाबली की पुन्हा फुगते. कोंबडीची आणू नका, पक्ष्यांच्या कड्या पूर्ण गोल असतात, पुस्तकातल्या चित्राशी जुळणार नाहीत. त्या दिवशी सकाळीच घ्या. पहिला तास मिळाला तर उत्तम, दुपारपर्यंत वास सुटतो.