आणेवारी : मातीची, पिकाची की हिश्श्याची?

बांधावरचा
घरच्या जुन्या दप्तरात एक फाटकं पत्रक सापडलं. आमच्या सर्व्हे नंबरापुढे 'आणे ८' असं लिहिलंय. त्याच नंबराच्या नंतरच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाशेजारी ०-५-४. आणेवारी म्हटलं की मला दुष्काळात जाहीर होते तीच ठाऊक. मग त्या साली निम्मं पीक गेलं होतं असं समजायचं का? आणि ०-५-४ ही काय भानगड?

मोडीवाला
पिकाचा काही संबंध नाही. पत्रक बहुधा प्रतबंदीचं, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारं आहे, मथळा बघा.

विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमिनीची जी पाहणी सुरू केली, तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. शेतात खड्डा खणायचा, माती किती खोल आहे आणि कुठल्या जातीची आहे ते पाहायचं आणि प्रत ठरवायची. प्रती नऊ : १६, १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि २ आणे. चुनखडी, रेती, उतार असला काही दोष निघाला की प्रत खाली घसरायची. म्हणजे तुमची जमीन पाचव्या प्रतीची, मध्यम. पाऊस पडो न पडो, ते आठ आणे तसेच राहणार, कारण त्यावर शेतसाऱ्याचा आकार बसलेला.

०-५-४ हा हिस्सा : शून्य रुपये, पाच आणे, चार पै. बारा पैचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्यातल्या ६४ तुमच्या आजोबांच्या. सरळ तिसरा हिस्सा. भाऊ तीन होते ना?

काळी आई
आणि तिसरी ती हंगामाची. भरघोस पीक सोळा आणे, बाकी त्या मानानं. 'यंदा आठ आणे पीक' असं माझी आजी अजून म्हणते, आणा बाजारातून जाऊन किती वर्षं झाली तरी.

हा आकडा साधा नव्हता बरं. गुजरातेतला १९१८ चा खेडा सत्याग्रह यावरच पेटला. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाचा सारा पूर्ण तहकूब, असा नियम होता. सरकारी कागद म्हणे चार आण्यांच्या वर, शेतकरी म्हणत खाली. शेत तेच, बघणारे डोळे दोन.

बांधावरचा
मग पैसेवारी वेगळी का?

काळी आई
तीच ती. १९५७ साली दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले, म्हणून कागदावर पैसेवारी. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा विषय निघतो. गंमत म्हणजे शंभरावर मोजतात तरी कुणी टक्केवारी म्हणत नाही.

मोडीवाला
'वारी'चा पंढरीशी संबंध नाही, हेही सांगून टाकतो, दर वेळी कुणीतरी विचारतंच. हा फारसी 'वार' : प्रतवारी, वर्गवारी, आकडेवारी, टक्केवारी. आणेवारी त्यातलीच.

हिश्श्यांबाबत एक खोच मात्र लक्षात ठेवा. जुने आकडे जोडताना लोक सातबाऱ्यावरची खाती मोजतात आणि तेवढेच शेतकरी धरतात. १९७०-७१ पासूनची कृषी गणना तसं मोजत नाही. मालकी कुणाचीही असो, जी जमीन एकत्र कसली जाते ते एक एकक. तुमच्या नंबरावर खातं एक, पण तिघे भाऊ वेगवेगळं कसत असतील तर कृषी गणनेत तीन. जमिनीचे तुकडे किती वाढले हे सांगताना हे दोन आकडे शेजारी ठेवले की गफलत झालीच.

बांधावरचा
मथळा नीट पाहिला, 'प्रतबंदी'च आहे, 'प्र' उंदरांनी खाल्लाय. सातबाराही पुन्हा काढला. आजोबांपुढे ०-५-४, धाकट्या आजोबांपुढे मात्र ०-१०-८, आणि तिसरं नाव कंसात, म्हणजे कमी केलेलं. इतकी वर्षं घरात कुणी या तिसऱ्याबद्दल बोललं नाही. शेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर आहे, सोमवारी तहसिलीत जाऊन नक्कल काढतो.