रोमँटिक सस्पेन्स: दोघंही घुमे, मग मधला भाग कशावर चालवायचा?

खारजमीन
कादंबरी साधारण ७० हजार शब्दांची, आजच्या मुंबईत घडणारी. तो दारूखान्यात, म्हणजे जहाजं तोडायच्या वस्तीत, गॅसकटरवर काम करतो, पूर्वी बोटीवर होता. ती शिवडीच्या एका गोदामात रात्रपाळीला सीसीटीव्हीसमोर बसते. दोघंही एकटे, कुणाला जवळ फिरकू न देणारे. अमावास्येच्या रात्री बाराला मुकादमाचा खून होतो आणि तिला स्क्रीनवर हा चिखलातून चालत जाताना दिसतो. खुनी तो नाही. फुटेजचं ती कुणालाच सांगत नाही.
सुरुवात पळते, शेवट ठरलाय. मधले तीस हजार शब्द मात्र दोघं टपरीवर चहा पितात आणि गप्प बसतात. बोलतं केलं की नाटकी वाटतं. पोलिसी तपशिलात घोळ असेल तर तोही दाखवा.

दुसरा_खर्डा
प्रेमाची प्रकरणं वेगळी आणि खुनाची वेगळी लिहिली जातायत, असा संशय येतोय. प्रेमाचे सगळे प्रसंग काढून पाहा. तरीही रहस्य जसंच्या तसं उलगडत असेल तर प्रेम वरून चिकटवलेलं आहे.
खरं तर सामान तुमच्याकडे आहेच. तिने त्याला पाहिलंय, हे त्याला माहीत नाही. टपरीवरचा चहा यावर चालायला हवा. मधल्या तीस हजारांत पाच-सहा वेळा एकाने दुसऱ्याच्या हाती असं काहीतरी द्यायचं, जे देणाऱ्यावरच उलटू शकतं. पहिल्यांदा नकळत: ती त्याच्या फाटलेल्या गमबुटांबद्दल सहज काहीतरी बोलून जाते, आणि ते गमबूट त्याने त्या रात्रीनंतर घातलेलेच नाहीत. तो काही विचारत नाही, फक्त चहाचे पैसे ठेवून उठतो. पुढचे दोनशे शब्द वाचक श्वास रोखून वाचेल. दुसऱ्यांदा सौदा म्हणून, तिसऱ्यांदा कुणीतरी भाग पाडलं म्हणून. स्वखुशीने द्यायचं ते शेवटी. हा क्रम उलटा झाला की पुढे ताण टिकत नाही.
दोघांचं घुमेपण एकाच जातीचं नको. त्याला विचारलं तेवढंच उत्तर देऊ दे. ती मात्र भरभरून बोलणारी करा: बोंबलाचा भाव, सुपरवायझरचे नखरे, पाळीची अदलाबदल, स्वतःबद्दल मात्र अवाक्षर नाही. दोन मुके समोरासमोर बसवले की लेखकाला मनोगतांचा आधार घ्यावा लागतो, आणि मनोगतं तिसऱ्या पानापासून तेच तेच सांगू लागतात.
माझ्या मते निम्मं पुस्तक फक्त तिच्या नजरेतून ठेवा. त्याच्या डोक्यात शिरून त्या रात्रीबद्दल गप्प राहिलात तर ती वाचकाची फसवणूक, आणि वाचक ती माफ करत नाही.

पंच_क्र_२
फुटेज आहे म्हटल्यावर घड्याळ आयतंच मिळालंय, ते वापरा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर सतत चालला तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी खातो. आठ कॅमेरे आणि २ टीबीची हार्डडिस्क धरली तर अकरा-बारा दिवसांनी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुन्यावर नवं लिहायला लागतो. म्हणजे तिने काहीही केलं नाही तरी पुरावा आपोआप पुसला जाणार. नुसतं गप्प राहणं हाच तिचा निर्णय ठरतो. कादंबरीचा मधला भाग या अकरा दिवसांत बसवून पाहा.
तिने मोबाईलवर स्क्रीनचं शूटिंग करून ठेवलं तर त्याला धमकवायला किंवा वाचवायला ते पुरेल, कोर्टात लंगडं पडेल. तिथे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसकट (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळायचा आकडा) लागतं. डीव्हीआरचं घड्याळही बरेचदा पुढे-मागे असतं, म्हणून पंचनाम्यात खरी वेळ आणि डीव्हीआरची वेळ दोन्ही लिहून घेतात. सात-आठ मिनिटांच्या फरकावर त्याची सुटका बेतता येईल.
आजची गोष्ट आहे तर '३०२ लावा' नको. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. पोलीस ठाण्यात जुने हवालदार बोलताना अजून ३०२ म्हणतील, ते चालेल, कागदावर नको. मृत्यू संशयास्पद आहे पण खून ठरलेला नाही, अशा वेळी आधी एडीआर, म्हणजे अपघाती मृत्यूची नोंद, करतात. हा मधला काळ सस्पेन्सला फार सोयीचा.
आणि सगळ्यात कामाची गोष्ट: साक्षीदार म्हणून बाईला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब तिच्या राहत्या घरी घ्यावा लागतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस, कलम १७९, आधीचं सीआरपीसी १६०). म्हणजे पीएसआय तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत येणार. तेव्हा तो पोटमाळ्यावर असेल तर? या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, सिनेमात घेतात म्हणून तुम्ही घेऊ नका.

भांग_उधाण
अमावास्येच्या रात्री बाराला तो चिखलातून चालूच शकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमाराला असते, आणि तीही उधाणाची. तेव्हा शिवडीचा चिखल पूर्ण पाण्याखाली असतो. तो उघडा पडतो सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. मध्यरात्री चिखल हवाच असेल तर खून अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत न्या. पण मग ओहोटीला पाणी फार मागे हटत नाही, चिखलाचा पट्टा अरुंद राहतो. पुढच्या प्रकरणांत रोजची भरती सुमारे ५० मिनिटं पुढे ढकलत न्या. कोळी वाचक हे पहिल्यांदा तपासतो.
तोडायची जहाजंही दारूखान्यात भरतीलाच किनाऱ्याला ओढतात. मुकादम रात्री बाराला तिथे काय करत होता, याचं उत्तर अमावास्या ठेवून आयतं मिळेल. मग चिखलाऐवजी त्याला धक्क्यावरून चालवा.
पाठलागात रिक्षा घालू नका, शहर भागात रिक्षाला बंदी आहे. काळी-पिवळी घ्या. हार्बरवर रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी असा क्रम, आणि रात्री एकच्या सुमारापासून चारपर्यंत लोकल नाही. हे तीन तास दोघांना एका जागी अडकवायला उत्तम. रुळांवर काही सापडलं तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जातं, शहर पोलिसांकडे नाही.

खारजमीन
अमावास्याच ठेवतो, धक्का चालेल. गमबूट आणि पोटमाळाही घेतले. एक शंका राहिली. तो हात भाजून तिच्या खोलीवर येतो, ती हळद लावते, तिथून जवळीक सुरू होते. ठीक वाटतंय?

दुसरा_खर्डा
हळद झिजवून झिजवून गुळगुळीत झालीय. भरती-ओहोटीचं खरं सांगणारे इथे आहेत, भाजण्याचंही कुणी सांगेल.

ड्रेसिंगरूम
हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीच नको. भाजल्या जागी साधं वाहतं पाणी २० मिनिटं. त्याआधी घड्याळ, अंगठी काढायची, कारण नंतर सूज येते. फोड फोडायचे नाहीत, वरून स्वच्छ कापड सैल गुंडाळायचं. तळहाताहून मोठी जखम असेल तर हॉस्पिटल. वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा हातमोज्यात शिरला असेल तर जखम लहान पण खोल असते, तेव्हाही हॉस्पिटल. तो नकार देतो, यातून त्याचा संशयितपणा पुन्हा डोकं वर काढेल.
आता हिशोब करा. तिच्या खोलीत नळाला पाणी फक्त सकाळी येत असेल तर वाहतं पाणी कुठून आणणार? पिंपातून मगने. मिनिटाला दोन लिटरची बारीक धार धरली तरी २० मिनिटांना ४० लिटर, म्हणजे लिटरच्या मगाचे चाळीस मग. उद्याच्या अंघोळीचं, भांड्यांचं पाणी ती मोरीत ओतत राहते आणि पिंप तळाला लागलेलं तो बघत असतो. इथे एकही वाक्य बोलू देऊ नका. दहाव्या मिनिटाला 'पुरे' म्हणून तो हात मागे घेईल, ती मनगट धरून परत धारेखाली आणेल. तेवढाच स्पर्श ठेवा.