शब्दचर्चा: ‘स्वातंत्र्य मिळालं’ की ‘मुक्त झालो’?

परभणीहून, मूळ प्रश्न

पुतण्या सातवीत आहे. १७ सप्टेंबरच्या निबंधात त्याने लिहिलं, ‘या दिवशी मराठवाड्याला स्वातंत्र्य मिळाले.’ बाईंनी ‘स्वातंत्र्य मिळाले’वर काट मारून वर ‘मुक्त झाला’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. पोरगं विचारतंय, दोन्हींत फरक काय? मला नीट सांगता आलं नाही. देशाचा तो स्वातंत्र्यदिन आणि आमचा मात्र मुक्तिसंग्राम दिन, हे लहानपणापासून पाठ आहे, पण का ते कधी विचारलं नव्हतं.

घरातल्या आजीला यातला कुठलाच शब्द चालत नाही. नव्वदी ओलांडली तरी ती ‘पोलीस ॲक्शन’च म्हणते. तिची सगळी कालगणना तिथून सुरू होते. काळी गाय ॲक्शनच्या वर्षी व्याली, विहीर ॲक्शनच्या आधीची, वगैरे.

नाशिकहून

बाईंचं बरोबर आहे, पण अर्धा गुण कापायला नको होता.

कारण व्याकरणात नाही, १९४७च्या राजकारणात आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ब्रिटिश जाणार हे ठरल्यावर निजामाने जून १९४७मध्ये फर्मान काढलं: हैदराबाद भारतातही जाणार नाही, पाकिस्तानातही नाही, स्वतंत्र राहील. म्हणजे तुमच्याकडे ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आधीच निजामाने उचलला होता! स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसची मागणी ‘स्वतंत्र हैदराबाद’ मोडून भारतात सामील होण्याची होती. नोव्हेंबर १९४७मध्ये ‘जैसे थे’ करार झाला आणि पुढच्या सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या. १३ तारखेला सुरू झालेली कारवाई १७ला संपली. ज्या माणसांना निजामाच्या स्वातंत्र्यातून सुटायचं होतं, त्यांनी आपल्या सुटण्याला पुन्हा ‘स्वातंत्र्य’च म्हणायचं कसं? दुसरा शब्द लागणारच होता.

आजींचा ‘पोलीस ॲक्शन’ हा तर सरकारी शब्द. रणगाडे घेऊन गेलेल्या कारवाईला पोलिसांची कारवाई म्हणायचं, म्हणजे हा घरातला मामला ठरतो.

फोंड्याहून

आमच्याकडेही मुक्तीच. १९ डिसेंबर १९६१. गोव्यात कालगणना ‘मुक्तीआधी’ आणि ‘मुक्तीनंतर’ अशी चालते, बोलताना सर्रास ‘लिबरेशन’. पोर्तुगालने १९५१मध्ये राज्यघटनेत फेरफार करून ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला आणि गोव्याला सागरपार प्रांत म्हणायला सुरुवात केली. वसाहतच नाही, तर स्वातंत्र्य कशापासून मागता, असा तो डाव.

पण एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. लोहियांची सभा झाली, त्यांना अटक झाली. आम्ही तो दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतो. त्या सभेची मागणी होती नागरी स्वातंत्र्याची. सभा भरवता यावी, बोलता यावं, छापता यावं. त्या काळी छापायचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे, लग्नपत्रिकासुद्धा. तेव्हा १९४६ला ‘स्वातंत्र्य’ म्हणजे परवानगीशिवाय पत्रिका छापणं, आणि १९६१ला ‘मुक्ती’ म्हणजे पोर्तुगीज जाणं. पंधरा वर्षांत एकाच चळवळीने दोन शब्द वापरले, आणि दोन्ही अचूक.

त्यापुढे तिसरा अर्थ आला. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. दोन पानं ३४ हजारांच्या फरकाने जिंकली. आमच्या घरात आजोबा फुलाचे आणि त्यांचे धाकटे भाऊ पानांचे. दोघेही मराठी वाचणारे, दोघेही म्हणायचे की गोवा खरा स्वतंत्र व्हावा. दोन वर्षं बोलणं बंद होतं.

नाशिकहून

हेच पुढे न्यायला हवं. मराठीत ‘स्वतंत्र’चा निम्मा वापर ‘वेगळा’ या अर्थी होतो. मुलगा-सून स्वतंत्र राहतात, म्हणजे चूल वेगळी झाली. पाहुण्यांना स्वतंत्र खोली आहे. स्वतंत्र विदर्भ. डॉ. आंबेडकरांचा १९३६चा स्वतंत्र मजूर पक्ष. आणि गंमत म्हणजे जो उमेदवार कुठल्याच पक्षात नाही, त्याला आपण स्वतंत्र म्हणत नाही, ‘अपक्ष’ म्हणतो. जणू पक्ष नसणं ही उणीव आहे. (बंडखोर अपक्षांचा भाव निकालानंतर कसा वधारतो, ते वेगळं.)

आता माझं मूळ म्हणणं. हे शब्द नामाने ओळखू नका, क्रियापदाने ओळखा. पाणिनीचं सूत्र आहे: ‘स्वतन्त्रः कर्ता’. वाक्यातली क्रिया ज्याच्या हातात, तो स्वतंत्र. व्याकरणातला कर्ता आणि राजकारणातला कर्ता इथे एका जागी येतात.

‘स्वातंत्र्य’ आपल्या तोंडी मिळतं. ‘आम्हाला स्वातंत्र्य मिळालं.’ यात आम्ही कर्ता नाही. ‘मुक्ती’ होते किंवा कुणीतरी मुक्त करतं. ‘मोकळीक’ आणि ‘मुभा’ देतात, आणि देणारा ती परत घेऊ शकतो. एकट्या ‘स्वराज्या’चं तसं नाही. स्वराज्य स्थापतात, मिळवतात, चालवतात, आणि बुडवतातही.

अर्थात स्वराज्यही नेहमी एवढं भारदस्त नव्हतं. १७१९मध्ये मोगल बादशहाकडून शाहू महाराजांसाठी तीन सनदा आल्या. चौथाईची, सरदेशमुखीची आणि स्वराज्याची. त्या सनदेतलं स्वराज्य म्हणजे शिवछत्रपतींच्या अखेरीस त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख. महसुलाच्या कागदात ‘स्वराज्य’ आणि ‘मोगलाई’ हे वसुलीचे दोन वाटे होते. पुढे मोगलाईचा अर्थ ‘अंदाधुंदी’ झाला (‘ही काय मोगलाई लागून गेली?’), आणि स्वराज्य देव्हाऱ्यात गेलं.

टिळकांनी १९१६च्या होमरूलच्या भाषणांत हाच शब्द वापरला, पण काळजीपूर्वक. बादशहा म्हणजे देव आणि नोकरशाही म्हणजे पुजारी. आम्हाला देव बदलायचा नाही, पुजारी आमच्यातला हवा, असा त्यांचा दाखला. म्हणजे ते स्वराज्य साम्राज्याच्या आतलं होतं. म्हणून तर लाहोरला १९२९मध्ये त्याला ‘पूर्ण’ हे विशेषण लावावं लागलं. शब्दाला टेकू द्यावा लागला की समजावं, तो मधल्या काळात पातळ झाला होता.

पुण्याहून

क्रियापदाचा मुद्दा आमच्या घरात रोज सिद्ध होतो. ‘आमच्याकडे सुनांना पूर्ण स्वातंत्र्य दिलंय हो!’ दिलंय. कुणी?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाप, नवरा, मुलगा यांनी बाईचं रक्षण करावं असं सांगून शेवटचा चरण येतो, ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’. आपला आजचा लाडका शब्द तिथे तसाच्या तसा बसलेला आहे. एकोणिसाव्या शतकातले सुधारक ‘स्त्रीस्वातंत्र्य’ म्हणत, १९७५पासून बायका स्वतः ‘स्त्रीमुक्ती’ म्हणू लागल्या. मला वाटतं यात क्रियापदाचा हिशेब होता. स्वातंत्र्य मागायचं म्हटलं की देणारा उभा राहतो. मुक्तीत निदान कशापासून, ते सांगावं लागतं.

आणि राजकारणातलं म्हणाल तर ‘सरपंचपती’ हा शब्द घ्या. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, निवडून ती येते आणि खुर्चीत तो बसतो. कर्ता आणि क्रियापद यांची फारकत इतक्या नेमकेपणाने सांगणारा शब्द दुसरा नसेल.

सोलापूरहून

मुक्तीवरून इतकं चाललंय आणि ‘विमुक्त’ कुणालाच आठवला नाही.

इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. पोटातलं मूल बाहेर येण्याआधी गुन्हेगार. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोज हजेरी, बाहेर जायला पास. त्या वस्तीला ‘सेटलमेंट’ म्हणत. कुंपण गेलं, पण शहरात त्या भागाचं नाव अजून सेटलमेंटच आहे, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं.

कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. १५ ऑगस्ट १९४७पासून मोजा, ५ वर्षं १६ दिवस होतात. हा आकडा आमच्यात लहान पोरांनाही पाठ असतो. मधल्या काळात झेंडावंदन होत होतं आणि हजेरीही होत होती. आम्ही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो. त्या दिवसाला स्वातंत्र्यदिन म्हणावं असं कुणाला सुचलं असेल, पण ते रुजलं नाही. ‘विमुक्त’मध्ये कुंपण दिसतं.

नाशिककर म्हणतात तसं क्रियापद पाहिलं तर ‘विमुक्त केलं’. कर्ता सरकार. ते मला मान्य आहे, पण त्यात कमीपणा आहे हे मान्य नाही. कुंपण ज्याने घातलं त्यानेच काढायला हवं होतं.

नाशिकहून

मान्य. माझ्या मांडणीतली ही फट खरीच आहे. डॉ. आंबेडकरांनी ३१ मे १९३६ला मुंबईत धर्मांतरावर भाषण केलं, त्याचं नाव ‘मुक्ती कोन पथे?’ तिथे मुक्ती कुणी करून देण्याची गोष्ट नाही, वाट विचारली आहे. वाट चालणारा कर्ताच असतो. मोक्षाच्या पोथीतला शब्द त्यांनी पाणवठ्यावर आणून ठेवला.

यवतमाळहून

आमच्या बापाले विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं: माझा कापूस मी पाहिजे तिथं विकीन. १९७२ले राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. खरेदीदार एकच, सरकार. राज्याबाहेर न्यायची बंदी. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रात्री बैलगाड्या सीमेकडं निघत, आणि पिकवणाऱ्याले लोक तस्कर म्हणत. शरद जोशी सभेत ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत तेव्हा टाळ्या उगाच नव्हत्या पडत. त्यांनी पुढं पक्ष काढला त्याचं नाव ‘स्वतंत्र भारत’. आता भाऊ-काका म्हणतात, सरकारनं हमीभावानं घेतलं पाहिजे. तेही खरंच आहे. बाजार मोकळा झाला आणि भाव पडला, तर त्या मोकळीकीचं काय लोणचं घालाव?

ठाण्याहून

एक लहान भर. शाळेच्या भाषणात हमखास येणारं वाक्य, ‘स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे.’ हे वाक्य मी आजवर फक्त व्यासपीठावरच्या माणसाकडून समोर बसलेल्यांना उद्देशून ऐकलंय, उलट दिशेने कधीच नाही.

दुसरी भर आणीबाणीची. वडील स्थानबद्ध होते. ‘अटक’ नाही, ‘स्थानबद्ध’. अटकेला आरोप लागतो. एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणी चालू असताना अशा बंदीला कोर्टात दाद मागता येणार नाही. वेगळं मत एकट्या न्यायमूर्ती खन्नांचं. ज्या हक्काचा हा प्रश्न होता, त्याला घटनेच्या मराठी पाठात ‘व्यक्तिगत स्वातंत्र्य’ म्हटलंय. मला जाणवलं ते असं की स्वातंत्र्य स्थगित होऊ शकतं. ‘मुक्ती स्थगित झाली’ असं म्हणून पाहा, जीभ अडखळते.

आणि मुंबईतला मोर्चा पोलीस जिथे नेऊन थांबवतात, त्या मैदानाचं नाव आझाद मैदान.

परभणीहून

सगळ्यांचे आभार. निजामाने शब्द आधीच उचलला होता, हे पुतण्याला लगेच पटलं. क्रियापदाचं मात्र त्याच्या डोक्यावरून गेलं.

आज दुपारी आजीला हे सगळं वाचून दाखवलं. पाणिनीपर्यंत आलो तोवर ती पेंगत होती, पण सोलापूरकरांच्या हजेरीला जागी झाली. मी विचारलं, ॲक्शन झालं तेव्हा तुम्हाला काय झालं? स्वातंत्र्य मिळालं की मुक्त झालात? ती म्हणाली, ‘आम्ही उमरखेडला निघून गेलो होतो ना रझाकारांच्या भीतीनं. मग घरी आलो. चूल उंदरांनी पोखरली होती. ती लिंपली.’

पुतण्याने वहीत ते लिहून घेतलंय. बाईंना दाखवणार म्हणतो.