रसम उकळायचं नसतं

(सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बी-२०४ : काल रात्री ४०३च्या मामींनी रसम पाठवलं. आमचे हे चार दिवस तापात, वरणभात पुढे केला की तोंड फिरवायचे. दोन वाट्या रसम प्यायले आणि वर मलाच विचारतात, "संपलं का?" मामी, रेसिपी इथेच टाका ना 🙏

ए-१०२ : रसम म्हणजे आपलं टोमॅटोचं सारच की.

सी-३०१ : नाही हो काका. सारात नारळाचं दूध असतं, गुळाचा खडा असतो. रसमात नारळ कुठे?

ए-१०२ : म्हैसूर रसमात वाटून घालतात. बंगळुरात नऊ वर्षं काढलीत मी. कन्नडमध्ये त्याला सारुच म्हणतात, तेलुगूत चारु. आता बोल.

डी-५०१ : गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

बी-४०३ (मामी) : देवळात होते, आत्ता फोन बघितला. तुमच्याकडे पाठवलं ते मिळगु रसम. मिळगु म्हणजे मिरे. चौघांसाठी सांगते. छोट्या लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून दोन वाट्या कोळ काढा. त्यात एक टोमॅटो कुस्करून, मीठ, हळद, हिंग, कढीपत्ता. चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत हे उकळा, सात-आठ मिनिटं. एक चमचा मिरे, एक चमचा जिरे भरड कुटून घाला. मिक्सरची पूड नको, कडू होते. ताप असेल तर चार लसूण पाकळ्या ठेचून. मग शिजलेल्या तूरडाळीचं वरचं पाणी वाटीभर घालायचं आणि गॅस बारीक. आता तिथून हलायचं नाही. कडेनं फेस यायला लागतो, मग तो मध्ये जमून वर चढतो. चढला की बंद! उकळी आली तर चव गेली. तुपात मोहरी, सुकी मिरची यांची फोडणी, वर कोथिंबीर, आणि लगेच झाकण.

बी-२०४ : मी तर दहा मिनिटं खळाखळा उकळते 😬

मामी : म्हणून तुमचं आमटी होतं.

सी-३०१ : 😂😂

मामी : अजून एक. वाढताना ढवळू नका. वरचं निवळ प्यायला, खाली बसलेला साका भातात. आमच्याकडे पहिला भात सांबाराचा, दुसरा रसमाचा, तिसरा ताकाचा. रसमाचा भात थोडा मऊ लागतो, हातानं कुस्करून खायचा.

बी-२०४ : म्हणजे आपला वरणभात आधी नि ताकभात शेवटी, तसंच. मधला भात तेवढा आपल्याकडे गळाला.

ए-१०२ : हॉटेलात मुलिगटानी सूप मिळतं ते यातूनच आलं. मिळगु तण्णीर, मिऱ्याचं पाणी. मद्रासच्या साहेबांनी ते नाव उचललं.

मामी : नाव उचललं आणि त्यात मटण टाकलं.

ए-१०२ : पण मामी, मिरची पोर्तुगीजांनी आणली, टोमॅटोही बाहेरचाच. मग जुनं रसम तुमचं हे मिऱ्याचंच?

मामी : श्राद्धाच्या स्वयंपाकात आमच्याकडे अजूनही मिरची चालत नाही, तिखटाला मिरेच. १४ एप्रिलला आमचं नवीन वर्ष, त्या दिवशी कडुलिंबाच्या फुलांचं रसम. तुम्ही पाडव्याला पाला चावता, आम्ही फुलं तुपात परतून घालतो. आम्ही जास्त हुशार.

डी-५०१ : गाडी कोणाची ते सांगा आधी!!

सी-३०१ : मामी, विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. गेल्या महिन्यात तुमचं ते चांदीसारखं भांडं रसमासाठी नेलं होतं ना...

मामी : ईयच्चोंबू. हो. "उद्या देते" म्हणाला होतात.

सी-३०१ : मी ते रिकामंच गॅसवर ठेवलं. म्हटलं, फोडणी त्यातच करू. तुपाचा डबा काढायला वळले तेवढ्यात बूड खाली गळालं. बर्नरवर पाऱ्यासारखे थेंब! तीन आठवडे लिफ्टऐवजी जिन्यानं जाते, तुमची भेट नको म्हणून 🙈

डी-५०१ : ईयम म्हणजे शिसं ना? शरीराला विष आहे ते.

मामी : वेळ्ळीयम म्हणजे कथील आणि कारीयम म्हणजे शिसं. माझं कथलाचं होतं. भेसळ करणारे असतातच, म्हणून ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यायचं. तुमच्या आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई लावायचे ना, ते हेच कथील. नाहीतर चिंच पितळेत कळकते. आम्ही सगळं भांडंच कथलाचं करतो, एवढाच फरक.

डी-५०१ : कथील २३२ अंशांना वितळतं. आत पाणी असेल तर भांडं शंभराच्या फार वर जात नाही, म्हणून टिकतं.

मामी : माझ्या सासूबाईंना अंश माहीत नव्हते. त्या म्हणायच्या, आधी चिंचेचं पाणी, मग विस्तव. फोडणी वेगळ्या पळीत. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून त्यांचं गेलं होतं. मी गोळा तांदळाच्या डब्यात लपवला. त्यांना चौथ्या दिवशी सापडला.

सी-३०१ : रागावल्या?

मामी : त्या दिवशी स्टीलच्या पातेल्यात रसम केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आज चव का नाही, सुनेला विचारा." रागावल्या असत्या तर बरं.

मामी : ३०१, गोळा टाकला नाहीत ना? कथील वजनावर जातं. पोंगलला कुंभकोणमला जाणार आहे, देऊन नवीन आणते. वरचे पैसे तुमचे.

सी-३०१ : आहे, आहे. डब्यातच आहे. तांदळाच्याच 🙏

ए-१०२ : पांढरी गाडी माझ्या जावयाची आहे. काढतोय.

डी-५०१ : 🙄

मामी : २०४, माझी वाटी राहिली तुमच्याकडे. स्टीलची आहे, वितळणार नाही. पण संध्याकाळी लागेल.

बी-२०४ : रिकामी कशी देऊ मामी? थालीपीठ लावलंय तव्यावर, लोण्यासकट येतेय.