शब्दचर्चा : सस्पेन्सला 'रहस्य' म्हणावं का? थरारपटाच्या सुरुवातीचे काही शब्द

प्रश्न

थरारपटांच्या सुरुवातीच्या प्रसंगांवर एक लेख लिहायला घेतला आहे. कॅमेरा कुठून बघतो आणि कट (एक चित्रण तोडून दुसरं जोडणं) कधी येतो, एवढाच विषय. पण पहिल्या पानावरच अडले. 'सस्पेन्स'ला 'रहस्य' लिहिलं, चार ओळींनी 'मिस्टरी' आली तर तिलाही रहस्यच. 'लाँग टेक'ला 'दीर्घदृश्य' आणि 'पॉइंट ऑफ व्ह्यू शॉट'ला 'दृष्टिकोन-दृश्य'. परत वाचलं तेव्हा माझ्याच वाक्यांचा अर्थ मला लागेना. रोज हे काम करणारी माणसं काय म्हणतात? आणि 'एडिटिंग'ला 'संकलन'च का? त्यात तर कापाकापी असते ना?

उत्तर

मी संकलनाचं काम करतो, त्यामुळे हे शब्द दिवसभर तोंडात असतात. आधी 'सस्पेन्स' घेऊ. तुमचा गोंधळ तिथून सुरू झालाय.

आपण मराठीत 'सस्पेन्स फोडू नकोस' म्हणतो, म्हणजे खुनी कोण ते सांगू नकोस. काहीतरी आत दडवलेलं आहे आणि फुटलं की संपलं, असा तो अर्थ. खरं तर ते रहस्य झालं. बोलण्यात तो शब्द त्या अर्थाने रुळलाय आणि बोलताना मीही तसाच वापरतो. पण लेख तंत्राबद्दल असेल तर हे दोन शब्द वेगळे ठेवावेच लागतील, कारण दोन्हींची चित्रीकरणाची रीत एकमेकींच्या उलट आहे. रहस्यात प्रेक्षकापासून लपवायचं असतं. सस्पेन्समध्ये प्रेक्षकाला सांगून टाकायचं असतं आणि पात्राला अंधारात ठेवायचं असतं.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने हा फरक फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितलाय. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो. प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब आधी दाखवला, किती वाजता फुटणार तेही कळू दिलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. पहिला धक्का आणि दुसरा सस्पेन्स. रहस्य यात कुठेच नाही.

मग दुसऱ्याला मराठीत काय म्हणायचं? 'सस्पेन्स'च्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ टांगणं, लटकत ठेवणं. आणि आपल्याकडे 'जीव टांगणीला लागणे' आहेच की! निकालाची वाट बघताना, शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेलं असताना आपण तेच म्हणतो. दोन्ही वेळा काय काय होऊ शकतं हे आपल्याला माहीत असतं. त्यातलं कुठलं होणार, एवढंच कळायचं असतं. सस्पेन्सची याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही. म्हणून मी लिहिताना 'टांगणी' लिहितो. सुरुवातीला दोनदा वाचणाऱ्याला अडखळल्यासारखं होतं, तिसऱ्यांदा होत नाही.

'उत्कंठा' हाही शब्द लोक वापरतात आणि तो सुंदर आहे, पण त्याचा भाव वेगळा. उत् आणि कंठ, म्हणजे मान उंचावून वाट बघणं. त्यात ओढ आहे. परत येणाऱ्या माणसाची उत्कंठा असते, बॉम्बची नसते. प्रेक्षकाला पुढे काय होतं ते हवंहवंसं वाटत असेल तर उत्कंठा लिहा, आणि ते होऊ नये असं वाटत असेल तर टांगणी.

'थ्रिलर'ला 'थरारपट' चांगला बसलाय, त्याला हात लावू नका. इंग्रजी 'थ्रिल'चा जुना अर्थ भोसकणं, आरपार जाणं असा होता. मराठी 'थरार' थरथरीतून आला. इंग्रजी शब्द वार करणाऱ्याकडून बघतो आणि मराठी शब्द ज्याच्यावर वार झाला त्याच्याकडून. प्रेक्षकाच्या बाजूने लिहिणाऱ्याला मराठी शब्दच जवळचा.

पुन्हा प्रश्न

टांगणी पटली. 'लाँग टेक'चं काय करू? आणि टांगणीसाठी सलग चित्रण लागतंच का? मला वाटायचं की थरार म्हणजे भराभर कट.

उत्तर

'दीर्घदृश्य' नको, कारण वाचणाऱ्याला ते 'लाँग शॉट'चं भाषांतर वाटेल. लाँग शॉटमधला 'लाँग' अंतराचा आहे आणि लाँग टेकमधला वेळाचा. पहिल्यात कॅमेरा दूर असतो, दुसऱ्यात तो बराच वेळ थांबत नाही. 'दूरचं दृश्य' आणि 'सलग टेक' असं लिहिलंत तर शाळकरी मुलालाही कळेल.

कट लागतातच असं नाही. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवात बघा. पडद्यावर आधी हात येतात, अगदी जवळून. हातात बॉम्ब आहे आणि त्याची घड्याळाची चकती फिरवली जाते. माणूस पळतो, तो बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवतो आणि अंधारात नाहीसा होतो. एक पुरुष आणि एक बाई येऊन त्याच गाडीत बसतात. कॅमेरा क्रेनवर चढून घरांच्या छपरांवरून पुढे जातो आणि पलीकडच्या रस्त्यावर गाडीला पुन्हा गाठतो. गर्दीत गाडी थांबते, पुन्हा निघते. एवढ्यात नवंच लग्न झालेलं एक जोडपं पायी चालत चित्राच्या चौकटीत येतं. आता गाडी कधी त्यांच्या पुढे, कधी मागे, कधी अगदी शेजारी. सीमेवरच्या नाक्याशी दोन्ही जोड्या जवळजवळ उभ्या राहतात. गाडीतली बाई तक्रार करते की डोक्यात टिकटिक ऐकू येतेय. कुणी लक्ष देत नाही. गाडी चौकटीबाहेर जाते, जोडपं एकमेकांच्या जवळ येतं, आणि स्फोट आधी कानावर पडतो. तीन मिनिटांहून जास्त चाललेल्या त्या टेकनंतर पहिला कट तिथे येतो, जळत्या गाडीवर.

इथे कट का नाही? कट आला की वेळ चोरता येतो. दोन तुकड्यांच्या मध्ये १० सेकंद गेले की १० मिनिटं, प्रेक्षकाला कळत नाही, आणि तो मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेतो. कटच नसेल तर प्रेक्षकाचं घड्याळ आणि बॉम्बचं घड्याळ एकच होतं. ज्या दोरीला त्याचा जीव टांगलाय ती कुठे सैल पडत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या लेखात यावी असं मनापासून वाटतं. मूळ प्रदर्शित आवृत्तीत या टेकवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत होतं. वेल्सने निर्मिती संस्थेला ५८ पानी टिपण लिहून बदल सुचवले होते. त्यांच्या आधारे १९९८ मध्ये वॉल्टर मर्चने चित्रपटाचं पुन्हा संकलन केलं. त्यात नावं काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या क्लबांमधून आणि गाडीच्या रेडिओमधून येणारी गाणी ठेवली. परिणाम असा की गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा रेडिओ ऐकू येत राहतो. डोळ्यांना न दिसणारा बॉम्ब कान शोधत राहतात. हेही संकलनच.

तिसऱ्या एकाचा प्रतिसाद

छान चर्चा. माझी जुनी तक्रार मांडतो. समीक्षेत कॅमेरा जरा पुढे गेला की 'झूम' लिहितात. झूम आणि ट्रॉली यांत फरक करायला कुणीतरी शिकवा.

उत्तर

तक्रार रास्त आहे. ट्रॉलीत कॅमेरा स्वतः रुळांवरून पुढे सरकतो, म्हणजे बघणारा चालत जवळ जातो. जवळच्या वस्तू बाजूने मागे पडतात. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही. भिंगाची रचना बदलते आणि दूरचं मोठं दिसू लागतं. बघणारा तिथेच असतो, फक्त त्याची नजर रोखली जाते. 'जवळ जाणं' आणि 'नजर रोखणं', साध्या मराठीत फरक एवढाच.

कोपोलाच्या १९७४ च्या 'द कॉन्व्हर्सेशन'ची सुरुवात झूमची आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा युनियन स्क्वेअर उंचावरून दिसतो आणि गर्दीवर नजर हळूहळू रोखली जाते. चित्रपट दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करणाऱ्या माणसाचा आहे. चोरून बघणारा जवळ जात नाही. तिथे ट्रॉली लावली असती तर पहिल्याच टेकमध्ये अर्थ चुकला असता.

याच ओघात 'पॉइंट ऑफ व्ह्यू शॉट'. 'दृष्टिकोन' म्हणजे मत, विचार करण्याची पद्धत. कॅमेऱ्याला दृष्टिकोन असेलही, पण या टेकमध्ये असते ती कुणाची तरी नजर. 'खुन्याच्या नजरेतून' एवढं पुरतं. १९७८ च्या 'हॅलोविन'ची सुरुवात हे त्याचं ठळक उदाहरण. आपण कुणाच्या तरी नजरेतून घराभोवती फिरतो, आत शिरतो, चाकू उचलतो. चेहऱ्यावर मुखवटा चढतो आणि चौकटीत फक्त डोळ्यांची दोन भोकं उरतात. खून होणार हे कळलेलं आहे, ही टांगणी. नजर कुणाची हे कळत नाही, हे रहस्य. शेवटी मुखवटा ओढला जातो, कॅमेरा पहिल्यांदा समोरून बघतो आणि तिथे सहा वर्षांचा मुलगा उभा असतो, हा धक्का. तुमचे तिन्ही शब्द चार-एक मिनिटांत सापडतील.

नजर कुणाचीच नसेल तर काय? 'सायको' (१९६०) फीनिक्स शहरावरून सुरू होतो. पडद्यावर वार, तारीख आणि वेळ उमटते : शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २:४३. कॅमेरा शहरभर फिरतो, एक दृश्य विरत जातं तसं दुसरं उमटतं, आणि शेवटी तो एका खिडकीच्या अर्धवट ओढलेल्या पडद्याखालून आत घुसतो. कुठल्याच पात्राची ही नजर नाही. तरी आपण चोरून बघतोय असं वाटतंच. (इथे 'डिझॉल्व्ह'ला मी 'विलय' न लिहिता 'विरणे' लिहिलं. विलय संस्थांचा आणि बँकांचा होतो. दृश्य विरतं.)

पुन्हा प्रश्न

आणि संकलन? त्याचं उत्तर राहिलं.

उत्तर

मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, माझा आवडता शब्द आहे. 'संपादन' आपण वृत्तपत्रं, पुस्तकं, ग्रंथ यांच्यासाठी राखून ठेवलंय, ते तिथेच असू द्या. संकलन म्हणजे गोळा करणं, एकत्र आणणं. जुन्या गणितात तर ती थेट बेरीज आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त बेरजेला 'संकलित' आणि वजाबाकीला 'व्यवकलित' म्हटलंय. इंग्रजीने कापण्याच्या कृतीवरून 'कट' आणि 'कटिंग' म्हटलं, आपण जोडण्याच्या कृतीवरून संकलन. टेबलावर बसलं की दोन्ही करावं लागतं, पण हेतू जोडण्याचाच असतो.

बेरीज कशी होते ते 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'मध्ये (१९५१) बघा. टॅक्सीतून बुटांची एक जोडी उतरते आणि एका दिशेने चालू लागते. मग दुसऱ्या टॅक्सीतून दुसरी जोडी, उलट दिशेने. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. चेहरे नाहीत. मग रुळांना फुटणारे रूळ. मग डब्यात बसलेला एक जण पायावर पाय टाकतो आणि बुटाला बूट लागतो. एकट्या बुटांच्या दृश्यात भीतीचं काही नाही, दुसऱ्यातही नाही. दोन्ही एकाआड एक ठेवली की 'ही माणसं एकमेकांवर आदळणार' हे तिसरंच मनात तयार होतं, आणि ते फिल्मच्या एकाही तुकड्यावर नसतं. याला कुणी 'समांतर संकलन' म्हणतं, कुणी 'क्रॉस-कटिंग'. मला पहिलं आवडतं, फक्त एक अडचण आहे. समांतर रेषा कधी मिळत नाहीत, आणि इथे सगळी भीती त्या मिळणार याचीच आहे. 'एकाआड एक' लिहिलं तरी चालेल.

तुमच्या लेखाला एक उदाहरण सुचवतो. 'व्हर्टिगो', तोही १९५८ चाच. श्रेयनामावली संपते आणि पडद्यावर नुसती एक लोखंडी आडवी कांब दिसते. एक हात येऊन ती घट्ट पकडतो. छपरांवरून पाठलाग सुरू होतो. पुढचा उडी मारून पार होतो, पोलीस पार होतो, नायक घसरतो आणि पन्हाळीला लटकतो. तो खाली बघतो. कॅमेरा सरकतो आणि त्याच वेळी भिंग उलट दिशेने झूम होतं, दोन्ही एकदम, त्यामुळे जमीन जागेवर असूनही खोल खोल जाताना दिसते. (हा प्रकार प्रत्यक्ष साधला तो दुसऱ्या चित्रीकरण पथकाचा कॅमेरामन अर्मिन रॉबर्ट्स याने.) त्याला हात द्यायला वाकलेला पोलीस तोल जाऊन खाली पडतो. नायक अजून लटकलेलाच आहे.

पुढचा प्रसंग मैत्रिणीच्या घरातला, आणि नायक तिथे बसून बोलतोय. मधला काळ काढून टाकलेला. पन्हाळीवरून त्याला कुणी उतरवलं, कसं उतरवलं, हे चित्रपटभर कुठेच दाखवत नाहीत.

पुन्हा प्रश्नकर्ती

'व्हर्टिगो' काल रात्री पुन्हा लावला. तो मैत्रिणीच्या घरात काठी बोटांवर तोलत हसत बोलत होता आणि मी अजून पन्हाळीकडेच बघत होते. लेखाची सुरुवात खोडून पुन्हा लिहिली : 'नायक छपराच्या पन्हाळीला लटकलेला असताना दृश्य संपतं, आणि पुढचे दोन तास प्रेक्षकाचा जीव त्याच पन्हाळीच्या टांगणीला असतो.'