मदत हवी आहे : बडोद्याला रविवर्म्यांची चित्रं पाहायला

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्याचे, नौपाड्यातले. आमच्या देवघरात पणजीच्या वेळची सरस्वतीची छापील तसबीर आहे. ओल लागून कडा पिवळ्या पडल्यात, पण खाली बारीक अक्षरात 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' अजून वाचता येतं. आधी हा छापखाना १८९४ साली आपल्या घाटकोपरला सुरू झाला होता, हे आईला सांगितलं आणि फसलो! आता तिला मूळ तैलचित्रंच बघायची आहेत.

तर बेत बडोद्याचा. सयाजीरावांनी रविवर्म्यांकडून मुद्दाम काढून घेतलेली चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात आहेत. गायकवाड घराण्याचा ट्रस्टच ते चालवतो.

आई ७६ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. घोडबंदर रोडने बोरिवली गाठून तिथून सकाळची गाडी धरायचा विचार आहे. नुकतंच कुणी जाऊन आलंय का? फाटकापासून संग्रहालयापर्यंत रिक्षा आत सोडतात का? व्हीलचेअर मिळते का, की आपलीच न्यायची? आणि आत बसायला बाकडी आहेत का? ती एकेका चित्रासमोर अर्धा अर्धा तास थांबणार, मला माहीत आहे. राजवाडा पाहणं त्याच दिवशी जमेल, की उगाच दगदग होईल?

जाता जाता, जुन्या छापील चित्राची ओल काढून देणारं जाणकार माणूस ठाणे-मुलुंडकडे कुणाला माहीत असेल तर तेही सांगा. फ्रेमवाला म्हणतो, "काच बदलून देतो." त्याच्या हातात द्यायचा धीर होत नाही.