एफएमसीजी ट्रेनीचा सेल्स स्टिंट: बीटवर काय टिपायचं, आरओआय कसा काढायचा?

वाशीमची_वाट
नमस्कार मंडळी. एका बहुराष्ट्रीय एफएमसीजी (साबण-शॅम्पूसारख्या रोजच्या वापराच्या वस्तूंच्या) कंपनीत मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून जूनमध्ये रुजू होतोय. आधी दहा आठवडे सेल्स, अकोला-वाशीम भागात, मग चार आठवडे खेड्यात. सेल्समनबरोबर बीटवर (दुकानांच्या ठरलेल्या फेरीवर) फिरताना रोज नेमकं काय टिपायचं? आणि डिस्ट्रिब्युटरचा (कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्याचा) आरओआय, म्हणजे गुंतवणुकीवरचा परतावा, कसा काढतात, त्यात चुकतं कुठे?

बीट_नंबर_सात
पहिला आठवडा विकायच्या मागे लागू नका. सेल्समनच्या शेजारी उभं राहून बिल कसं बनतं ते बघा. समजा बीटवर ४० दुकानं आहेत आणि २४ ठिकाणी बिल झालं, तर प्रॉडक्टिव्हिटी ६० टक्के. हा आकडा ॲपमध्ये आहेच, तो वहीत उतरवण्यात अर्थ नाही. उरलेली १६ दुकानं का सुटली ते लिहा. सेल्समन घाईत ‘मालक नाही’ किंवा ‘माल आहे’ एवढंच दाबून पुढे जातो. दुकानदाराला दोन मिनिटं बोलतं केलं की खरं कारण निघतं: उंदरांनी कुरतडलेले साबण परत नेले नाहीत, मागच्या स्कीमचा फरक मिळाला नाही, किंवा तोच माल होलसेलवाला स्वस्त देतोय.

हे शेवटचं कारण मुळापासून समजून घ्या. महिनाअखेरीस टार्गेट गाठायला डिस्ट्रिब्युटर आपल्या मार्जिनमधला हिस्सा सोडून होलसेलला मोठी बिलं फाडतो. तो माल पुढचे पंधरा दिवस बाजारात कमी भावाने फिरतो आणि १ तारखेपासून तुमच्याच सेल्समनला कोणी ऑर्डर देत नाही. होलसेलची बिलं तारखेनुसार लावून बघा. २५ तारखेनंतरच गर्दी दिसली तर दुखणं तिथेच आहे.

दुकानात शॅम्पूच्या लडी बघायला विसरू नका. पुढची लडी चकचकीत आणि तिच्यामागची उन्हाने फिकी पडलेली असेल, तर दुकानदार नवा माल पुढे टांगतोय आणि जुना तसाच राहतोय. दोन्हींवरच्या उत्पादनाच्या तारखा लिहून घ्या. उद्याचा डॅमेज क्लेम (खराब मालाच्या भरपाईची मागणी) तिथे लटकलेला असतो.

मुनीमजी
आरओआयचं गणित सोपं आहे, आकडे मिळवणं अवघड. उदाहरणादाखल: महिन्याची विक्री ४० लाख, मार्जिन ५ टक्के, म्हणजे २ लाख. टेम्पो, गोडाऊनचं भाडं, सेल्समन, हिशेबनीस मिळून खर्च १.२५ लाख. हातात ७५ हजार, वर्षाचे ९ लाख.

आता गुंतवणूक. १२ दिवसांचा स्टॉक १६ लाख, बाजारातली १० दिवसांची उधारी सुमारे १३.३ लाख, कंपनीकडे अडकलेले क्लेम २.५ लाख. एकूण ३१.८ लाख. आरओआय साधारण २८ टक्के. कंपनी उधारीवर माल देत असेल तर तेवढी रक्कम गुंतवणुकीतून वजा करा.

विक्री तीच ठेवून स्टॉक २० दिवसांवर नेला की गुंतवणूक ४२.५ लाख होते आणि आरओआय २१ टक्क्यांवर येतो. खर्च एक रुपयाही वाढलेला नसतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर ‘परवडत नाही’ म्हणाला की मार्जिनच्या वादात शिरण्याआधी गोडाऊन मोजा.

ताळा_जुळवा
मुनीमजींशी सहमत, दोन गोष्टी जोडतो. बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचं) व्याज खर्चात धरू नका. ज्या पैशावर व्याज जातंय तो गुंतवणुकीत आधीच मोजलाय, त्यामुळे परतावा विनाकारण कमी दिसतो. सेल्समनच्या पगारातला जो भाग कंपनी भरून देते तो मात्र खर्चातून वजा करा. ट्रेनी बहुतेक इथेच चुकतात. आणि स्टॉक सॉफ्टवेअरवरून घेऊ नका, एखाद्या सकाळी स्वतः पेट्या मोजा. कागदावरचा स्टॉक आणि रॅकवरचा स्टॉक यांत फरक निघतोच.

वाशीमची_वाट
खूप आभार, नेमकं हेच हवं होतं. खेड्यातल्या चार आठवड्यांत काय करायचं? आणि कन्फर्मेशनच्या (नोकरीत कायम होण्याच्या) प्रोजेक्टसाठी काही?

बीट_नंबर_सात
खेड्यात राहण्याची ही पद्धत जुनी आहे. हिंदुस्थान लिव्हरने १९७६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात ग्रामीण विकासाचं काम सुरू केलं आणि ट्रेनींना तिथल्या गावांत राहायला पाठवलं. तुम्ही खेड्यात गेलात की सर्व्हेचा फॉर्म घेऊन घरोघरी फिरण्यापेक्षा गावातला दुकानदार माल कुठून आणतो ते बघा: कोणत्या बाजाराच्या दिवशी, किती रुपयांचा, कोणत्या गाडीने. कपडे धुतात तिथे थांबा. पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, वडी लवकर झिजते, आणि बायका ‘हा साबण पुरत नाही’ म्हणतात. ती तक्रार किमतीची नाही, पाण्याची आहे. ऑफिसात बसून हे कळत नाही.

प्रोजेक्टला एकाच बीटचे आधीचे-नंतरचे आकडे दाखवू नका. ऑगस्टची तुलना दिवाळीच्या महिन्याशी केली की पॅनल पहिल्याच प्रश्नात अडवतं. सारखे दोन बीट निवडा, एकावर बदल करा, दुसरा जसाच्या तसा ठेवा, आणि दोन्हींचे तेच आठवडे शेजारी मांडा. बदलही एकच करा, उदाहरणार्थ डॅमेज माल सात दिवसांत उचलणे. तीन बदल एकदम केले तर कशामुळे फरक पडला हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

मुनीमजी
आणि सेल्समनचं नाव प्रेझेंटेशनमध्ये घाला. निम्मी माहिती त्याचीच असते.